‘डॉक्टर, कधीपर्यंत वाट बघायची?’

“हा बरा होईल ना?” पशुवैद्यकाच्या टेबलाशी उभं राहून प्रत्येक जण हेच विचारतो. आजार गंभीर असेल तर प्रामाणिक डॉक्टरचं उत्तर बहुतेक वेळा “बघू या” एवढंच असतं. ते ऐकून कुणी खचतं, कुणी चिडतं, कुणी त्याच संध्याकाळी दुसरा दवाखाना गाठतं. माझा आग्रह आहे की या प्रश्नाच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारा. या औषधाने नेमका काय फरक दिसायला हवा? किती दिवसांत दिसायला हवा? आणि नाही दिसला तर पुढे काय करायचं? कुत्रा जगेल की नाही हे डॉक्टर सांगू शकत नाहीत, पण या तिन्हींची उत्तरं ते देऊ शकतात. ती वहीत लिहून घेतली की “बघू या” या शब्दांना मुदत मिळते आणि रात्री थोडी तरी झोप लागते.

आपल्याकडच्या ओळखीच्या आजारावरूनच हे पाहू. गोचीड ताप हे खरं तर एका आजाराचं नाव नाही. गोचिडीच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचे जिवाणू अंगात जातात आणि पांढऱ्या पेशींत घर करतात. बबेसिया नावाचे परजीवीही जातात, ते तांबड्या पेशी फोडतात. कधी दोन्ही एकदम असतात. बाहेरून मात्र सगळं सारखंच दिसतं: ताप, खाणं सुटणं, मलूल पडून राहणं, कधी नाकातून रक्त. औषधं वेगळी असतात. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन, साधारण चार आठवडे. बबेसियाला वेगळी इंजेक्शनं किंवा गोळ्या, आणि त्यातही बबेसियाची जात कोणती यावर औषध ठरतं. बबेसिया गिब्सोनी ही त्यातली चिवट जात. १९१० साली तिची पहिली नोंद झाली ती आपल्याच देशात, मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात. ती औषधाने दबते, कुत्रा हिंडाफिरायला लागतो, पण परजीवी अंगातून पूर्ण जातीलच असं नाही. महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढू शकतात. म्हणून “गोचीड ताप आहे” एवढ्यावर थांबू नका. “कोणता?” असं विचारा, आणि रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आहे का, तेही विचारा.

आता मुदत. एर्लिकिया नुकताच झाला असेल तर डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर एक ते तीन दिवसांत ताप उतरायला आणि तोंडाला चव यायला लागते. तीन-चार दिवसांनीही काहीच फरक नसेल, तर “अजून आठ दिवस बघू” म्हणत घरी बसू नका, परत जा. कदाचित जोडीला बबेसिया असेल, कदाचित आजारच वेगळा असेल. उलट चौथ्या दिवशी कुत्रा शेपटी हलवत दाराशी आला म्हणून गोळ्या बंद करू नका. चार आठवडे म्हणजे चार आठवडे. ही गोळी रिकाम्या पोटी उलटी काढते. ती खाण्यासोबत द्या आणि वर थोडं पाणी जाऊ द्या.

आजार जुना असेल तर हे हिशेब बदलतात. एर्लिकिया काही कुत्र्यांत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे गुपचूप राहतो आणि मग अस्थिमज्जेवर घाला घालतो. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट सगळंच कमी होत जातं. जर्मन शेफर्डना हा आजार विशेष जड जातो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराचे शेकडो कुत्रे यानेच दगावले. या टप्प्यावर सुधारणा दिवसांत दिसत नाही, आठवड्यांत दिसते, आणि कधी दिसतही नाही. तुमचा कुत्रा कोणत्या टप्प्यावर आहे हे डॉक्टरांकडून स्पष्ट वदवून घ्या. नाहीतर शेजारच्यांचा लॅब्रेडोर पाच दिवसांत उठला आणि आपला का उठत नाही, या विचाराने माणूस उगाच झुरत राहतो.

रिपोर्टातल्या दोन गोष्टी घरोघरी विनाकारण घबराट उडवतात. पहिली, दवाखान्यात लगेच होणारी किट-तपासणी. ती बहुधा जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. बऱ्या झालेल्या कुत्र्यातही ती कितीतरी महिने राहतात. त्यामुळे उपचारानंतरही पॉझिटिव्ह आलं म्हणजे आजार परतला, असं होत नाही. दुसरी, प्लेटलेटचा आकडा. निरोगी कुत्र्यात तो साधारण दोन लाखांच्या वर असतो. पण नमुन्यात प्लेटलेटचे पुंजके झाले तर मशीन त्या कमी मोजतं. आकडा एकदम खाली आला आणि कुत्रा मात्र ठीक दिसतोय, तर काचेवर मोजून खात्री करायला सांगा. पपईच्या पानांचा रस किंवा सिरप बहुतेक घरांत चालू असतोच. द्यायचा तर डॉक्टरांना सांगून द्या, पण त्याच्या भरवशावर मुख्य औषध पुढे ढकलू नका.

मूत्रपिंडाच्या आजारात अनिश्चितता याहून जास्त. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक. ते रक्तात ठळकपणे वाढलेलं दिसतं तोवर मूत्रपिंडांची सुमारे तीन-चतुर्थांश ताकद गेलेली असू शकते. जुन्या आजाराच्या चार पायऱ्या मानतात आणि क्रिएटिनिन ५ च्या वर गेलं की चौथी. घरच्यांनी पहिल्याच रिपोर्टात सात-आठचा आकडा पाहिला की घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरते. पण पहिला आकडा अंतिम नसतो. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलेल्या कुत्र्याचं क्रिएटिनिन तसंही वाढतं. सलाईन लागल्यावर, कुत्रा स्थिरावल्यावर पुन्हा तपासून मगच पायरी ठरवतात. त्यातून मूत्रपिंडाला अचानक बसलेला मार आणि वर्षानुवर्षांची झीज या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, मूत्रपिंडांना असा अचानक मार देतो, आणि वेळेवर उपचार मिळाले तर त्यातून काही कुत्रे पूर्ण बरे होतात. जुनी झीज मात्र भरून येत नाही. तिथे उपचार असतात ते उरलेली मूत्रपिंडं सांभाळण्यासाठी. म्हणून इथला प्रश्न असा: “हे अचानक झालंय की जुनं आहे? आपण बरं करण्यासाठी झगडतोय की त्याचे दिवस सुखाचे करण्यासाठी?” लेप्टोचा नुसता संशय असला तरी कुत्र्याची लघवी हातमोजे घालून, जंतुनाशकाने पुसा. तो माणसालाही होतो.

आता घरची कामं. रोज एकाच वेळी चार गोष्टी वहीत लिहायच्या: किती खाल्लं, लघवी किती वेळा झाली, झोपेत मिनिटाला किती श्वास, आणि हिरड्यांचा रंग. हिरडी बघण्याची पद्धत सोपी आहे. वरचा ओठ उचलायचा, सुळ्याच्या वरची हिरडी बोटाने दाबून सोडायची. दाबलेली जागा पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. पुष्कळ गावठी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी हळूच खाली ओढून आतला रंग पाहा. गाढ झोपेतले श्वास मिनिटाला तीसच्या आत असावेत. ताप गुदद्वारात थर्मामीटर लावूनच मोजावा लागतो आणि १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान आहे. माणसाच्या हिशेबाने तो ताप वाटतो, म्हणून हे सांगितलं.

हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर दिसल्या, झोपेतही धाप लागत असेल, फिट आली, डांबरासारखी काळी शी झाली, नाकातलं रक्त थांबेना, किंवा दिवसभर लघवीच झाली नाही, तर सकाळची वाट न पाहता निघा. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता आणि तिथे जायला गाडी कोणाची, हे आजच ठरवून ठेवा. रात्री दोन वाजता कुत्रा मागच्या सीटवर घ्यायला तयार होणारा रिक्षावाला शोधणं फार अवघड असतं.

मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णाला कातडीखाली सलाईन घरी देता येतं. डॉक्टर किती आणि कितीदा द्यायचं ते ठरवून देतात आणि कंपाउंडर एकदा समोर करून दाखवतो. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी कोमट करायची, पडद्याच्या दांडीला अडकवायची. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलायची आणि त्या खोबणीत सुई सरकवायची. पहिल्या दिवशी हात थरथरतात, आठवड्याभरात सरावतात. एक जण सुई सांभाळतो, दुसरा कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन कानामागे खाजवत बसतो. सलाईन संपल्यावर तिथे फुगवटा येतो आणि काही वेळाने तो ओघळून पुढच्या पायावर उतरतो. पाय सुजला म्हणून मध्यरात्री डॉक्टरांना उठवू नका, ते पाणी हळूहळू जिरतं. कुत्रा मात्र फार झटापट करत असेल, सुई पाहून पलंगाखाली जाऊन बसत असेल, तर तेही वहीत लिहा. तो त्रासही हिशेबात धरायचा असतो.

खाण्यावरून आपल्या घरांत सर्वांत जास्त रडारड होते. आजारी कुत्र्याने तोंड फिरवलं की आई वाटी घेऊन त्याच्यामागे घरभर फिरते. मळमळत असताना जबरदस्तीने भरवलेल्या पदार्थाचा त्याला कायमचा तिटकारा बसू शकतो. आधी मळमळ थांबवणारं आणि भूक वाढवणारं औषध मागा. दोन्ही मिळतात. मग थोडं, कोमट, वासाचं, पुन्हा पुन्हा द्या. मूत्रपिंडाच्या रुग्णाला कमी फॉस्फरसचा आहार लागतो, पण त्याने तो तोंडातच घेतला नाही तर उपाशी ठेवण्यापेक्षा दहीभात गेलेला बरा. याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणी बोला. कांदा आणि लसूण कोणत्याही रूपात नको. ते तांबड्या पेशी फोडतात आणि बबेसियाने आधीच रक्त उतरलेल्या कुत्र्याला चिकनच्या रश्श्यात भिजवलेली पोळी म्हणूनच महागात पडते. द्राक्षं, मनुका, बेदाणे मूत्रपिंडांना घातक असतात. प्रसादाचा शिरा प्रेमाने पुढे करणाऱ्या आजीलाही हे सांगा. आणि घरातली तापाची, अंगदुखीची गोळी चुकूनही देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर उतरतं. स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर ती मनाने अचानक बंद करू नका.

दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या. फाइल सोबत न्या आणि पहिल्या डॉक्टरना सांगून जा, यात अपमानासारखं काही नाही. मात्र एकाच वेळी तिघांची औषधं चालवू नका. कोणत्या गोळीने फरक पडला आणि कोणत्या गोळीने उलट्या सुरू झाल्या, हे मग कोणालाच कळत नाही.

पैशांचं बोलणं पहिल्याच दिवशी करा. लोक लाजतात आणि तिसऱ्या आठवड्यात बिल पाहून उपचार अर्धवट सोडतात. “आमच्याकडे साधारण एवढे पैसे आहेत. यात सर्वांत उपयोगाची तपासणी कोणती, कोणती टाळली तर चालेल?” असं सरळ विचारलं तर बहुतेक डॉक्टर मनापासून मदत करतात. सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने खासगीपेक्षा बरेच स्वस्त पडतात. मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेलं महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, ज्याला जुने मुंबईकर अजून ‘बैलघोडा’ म्हणतात. नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथेही महाविद्यालयं आहेत. तिथे रांग असते, वेळ मोडतो, पण शिकवणारे अनुभवी डॉक्टर भेटतात. गावातले पशुवैद्यक मुख्यतः गाईगुरांचे असले तरी सलाईन, इंजेक्शन, रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवणं हे तिथे होतं. शहरातल्या डॉक्टरांशी त्यांचा फोनवर संपर्क करून द्या, फेऱ्या वाचतात.

पैशांची मर्यादा म्हणजे प्रेमाची मर्यादा नव्हे. मुलीच्या फीचे पैसे मोडून आठव्या दिवशीचं सलाईन लावायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या घराचा आहे. “कुत्र्यासाठी एवढं?” म्हणणाऱ्यांना तो नाही, आणि “एवढंही नाही करत?” म्हणणाऱ्यांनाही नाही.

आता अवघड भाग. मुदती संपत जातात, वही भरत जाते आणि एका टप्प्यावर प्रश्न बदलतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यक अ‍ॅलिस विलालोबॉस यांनी २००४ साली यासाठी एक मोजमाप तयार केलं. वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाइटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं सुसह्य चाललं आहे असं धरायचं. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे गुण लिहावेत आणि मग कागद शेजारी ठेवावेत. दिवसभर जवळ असलेल्या माणसाचे गुण बहुतेक वेळा कमी असतात, संध्याकाळी येणाऱ्याचे जास्त, कारण दारात मालक आला की कुत्रा जीव एकवटून उठतो. भांडणापेक्षा या कागदांवरून बोलणं सोपं जातं. त्याच्या आवडीच्या तीन गोष्टीही आधीच लिहून ठेवा. गच्चीवर जाणं, दूधवाल्यावर भुंकणं, तुमच्या चपलेवर डोकं ठेवून झोपणं, जे काही असेल ते. तिन्ही सुटल्या की आकड्यांची गरज उरत नाही.

दयामरणाबद्दल घरात मतभेद होतात, श्रद्धाही आड येतात. तो निर्णय न घेणाऱ्यांनीही वेदनाशामक आणि मळमळ थांबवणारी औषधं शेवटपर्यंत चालू ठेवायलाच हवीत. पण वेदना कशानेच आवरत नसताना केवळ आपल्याला सोडवत नाही म्हणून त्याला थांबवून ठेवणं मला मुळीच पटत नाही. प्रत्यक्षात काय होतं ते आधी माहीत असलेलं बरं. पहिल्या इंजेक्शनने गुंगी येते, तो झोपतो. नंतर भुलीच्या औषधाचा मोठा डोस शिरेतून दिला जातो आणि बहुधा काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. त्यानंतरही एखादा श्वास घेतल्यासारखी हालचाल होते, लघवी होते. हे वेदनेने नव्हे, शरीराच्या प्रतिक्षिप्त क्रियेने आणि स्नायू सैल पडल्याने होतं. काही डॉक्टर यासाठी घरी येतात, विचारून पाहा. अंत्यसंस्काराचीही चौकशी आधीच करा. मुंबईत महापालिकेने मालाडला लहान प्राण्यांच्या दहनाची सोय केली आहे, इतर गावांत नगरपालिकेला किंवा प्राणिमित्र संस्थांना विचारावं लागतं.

मुलांना खरं सांगा. “टायगरला गावी पाठवलं” असं सांगितलेली मुलं पुढे कितीतरी दिवस त्याची वाट पाहतात आणि खोटं उघडं पडलं की तुमच्यावर विश्वास ठेवत नाहीत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला “तो फार आजारी होता, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, तो मेला, आता परत येणार नाही” एवढं समजतं. त्याला निरोप घेऊ द्या. तुम्हालाही चार दिवस रजा लागली तर घ्या, आणि “दुसरा आणा” म्हणणाऱ्यांना लगेच उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

आजार गोचीड तापाचा असेल आणि घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याचं रक्त लगेच तपासून घ्या. गोचीड अंडी कुत्र्याच्या अंगावर घालत नाही. ती भिंतीच्या फटीत, चौकटीमागे, गादीच्या शिवणीत जाऊन घालते आणि एका मादीची अंडी हजारांच्या घरात असतात. कुत्र्याला औषध आणि घराला फवारणी, दोन्ही एकदमच व्हायला हवं. फवारणी वाळेपर्यंत त्याला बाहेर ठेवा.

ज्यांचा कुत्रा आज धडधाकट आहे त्यांच्याकडे एक मागणं आहे. जून २०२४ मध्ये रतन टाटा यांनी इन्स्टाग्रामवरून मुंबईकरांना रक्तदाता शोधायला मदत मागितली होती. टाटा ट्रस्ट्सच्या रुग्णालयात सात महिन्यांचा एक कुत्रा गोचीड तापाच्या संशयाने दाखल होता आणि त्याचं रक्त जीवघेणं उतरलं होतं. त्याला दाता मिळाला, कारण विनंती करणारा माणूस टाटा होता. बाकीच्यांना रात्री अनोळखी नंबर फिरवत बसावं लागतं. तुमचा कुत्रा एक ते आठ वर्षांचा असेल, वजन २५ किलोच्या वर असेल, लसी आणि जंताचं औषध वेळच्या वेळी झालं असेल आणि त्याला मोठा आजार झालेला नसेल, तर या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि रक्तदात्यांच्या यादीत त्याचं नाव, तुमचा फोन नंबर लिहून या.